कोरं पाणी

तिनं प्लेट यंत्रातून बाहेर ओढली, खिडकीच्या उजेडात तिरपी धरून पाहिली आणि पुन्हा आत सरकवली. यात काही अर्थ नाही हे तिला ठाऊक होतं. त्या चिमुकल्या खळग्यांमधली चमक नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही, ती यंत्रालाच दिसते. पण गाडी बंद पडली की माणूस उगाच बॉनेट उघडून आत बघतो, तसं तिचं चाललं होतं. यंत्र गुणगुणलं, पडद्यावर आकडे उतरले आणि पहिल्या रांगेतले आकडे सकाळइतकेच पडलेले निघाले.

पहिल्या रांगेत कोरं पाणी होतं. प्रयोगशाळेत सगळे त्याला तसंच म्हणत. नाल्यातून किंवा नदीतून अँटिबायोटिक औषधांचा अंश किती वाहतोय हे सांगायचं, तर ज्यात तो मुळीच नाही असं पाणी शेजारी ठेवावं लागतं. यंत्रातून काढलेलं शुद्ध पाणी त्याला चालत नाही. त्यात ना क्षार ना मातीचा अंश, ते खऱ्या पाण्यासारखं वागतच नाही. हवं असतं जमिनीच्या पोटातलं, पण निष्कलंक. तशा पाण्यासाठी प्रयोगशाळेच्या प्रमुख असलेल्या मॅडमनी एका उन्हाळ्यात दूरदूरचे झरे पालथे घातले होते, आणि काखेत कळसा तशी गत होऊन ते सापडलं होतं तिच्याच घराच्या परसात, विहिरीत. तेव्हापासून दर सोमवारी ती घरून एक बाटली भरून आणत असे.

चाचणी सांगायला सोपी होती. अण्णांना, म्हणजे वडिलांना, तिनं ती संगीतखुर्चीवरून समजावली होती. प्रत्येक खळग्याच्या तळाला मोजक्या खुर्च्या चिकटवलेल्या असतात आणि त्यांच्यावर एकाच औषधाचे कण बसू शकतात. आपण त्याच औषधाचे, पण चमकणारा रंग लावलेले कण आत सोडायचे, आणि सोबत तपासायचं पाणी. पाण्यात आधीच औषध असेल तर ते खुर्च्या बळकावतं, चमकणाऱ्यांना जागा उरत नाही आणि खळगा धुताना ते वाहून जातात. शेवटी प्रकाश टाकून बघायचं, बसलेल्यांत चमकतंय कोण. पाणी स्वच्छ तर खळगा लख्ख, पाण्यात औषध तर खळगा मंद.

‘म्हणजे अंधार झाला की चोर सापडला,’ अण्णा म्हणाले होते. जन्मभर पाण्याचा टँकर चालवलेल्या त्या माणसाला आपल्या विहिरीचं पाणी प्रयोगशाळेत जातं याचा इतका अभिमान होता, की बाटली भरायचं काम त्यांनी तिच्याकडून काढूनच घेतलं होतं. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची, मग काठोकाठ भरायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही, हे ते येणाऱ्याजाणाऱ्यालाही ऐकवत.

आणि आज पहिल्याच रांगेत अंधार होता.

तिनं हातमोजे काढले, हात धुतले, दुसरे हातमोजे चढवले, तेही काढले. तिला एका जागी उभं राहवत नव्हतं. यंत्राचा दिवा जुना झाला असेल. फ्रीजमधलं रसायन शिळं झालं असेल. किंवा, आणि हेच जास्त संभवत होतं, तिचा हात चुकला असेल. हात चुकायला कारणही तसंच होतं. उद्या अण्णांना सर्जनकडे न्यायचं होतं.

अण्णांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम होती. चप्पल चावल्याचं निमित्त झालं, अंगात साखर होतीच, आणि जखम चिघळली ती भरायचं नाव घेईना. सर्जननी सकाळ-संध्याकाळ घ्यायची एक जबर गोळी लिहून दिली होती आणि हिनं फरक पडायलाच हवा असं बजावून सांगितलं होतं. फरक पडला नव्हता. मागच्या खेपेला त्यांनी पट्टी उलगडली, बराच वेळ पाहिलं आणि शुक्रवारी शेवटचं बघू म्हणाले; जखम अशीच असेल तर अंगठा काढावा लागेल, नाही तर विष वर चढेल. अण्णा घरी येताना रिक्षात म्हणाले होते की ब्रेक दाबायला चार बोटं पुष्कळ झाली. ती हसली नव्हती. शुक्रवार उद्यावर आला होता.

‘काय झालं? अशी वाघ मागं लागल्यासारखी का फिरतेयस?’

मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांच्या कानामागे नेहमीचं लाल पेन होतं. तिनं पडदा त्यांच्याकडे वळवला. मॅडमनी आकडे वाचले, चष्मा वर केला, पुन्हा वाचले.

इस्पितळामागच्या नाल्याचा अहवाल उद्या जायचा होता. मॅडम काही ओरडल्या नाहीत, त्या कधीच ओरडत नसत. कोरं पाणीच कोरं नसेल तर त्याच्या शेजारी बसून नालाही साव ठरतो, एवढंच त्या म्हणाल्या. मग त्यांनी तिच्या हाताकडे पाहिलं आणि हल्ली जेवतेस का, झोपतेस का, असं विचारलं. ती हो म्हणाली. दोन्ही उत्तरं खोटी होती आणि मॅडमना ते कळलं.

‘जुन्या बाटल्या आहेत ना? सगळ्या एकाच प्लेटमध्ये लाव. हात चुकला असेल तर सगळ्यांत चुकेल.’

प्रत्येक सोमवारच्या पाण्यातलं थोडं ती तपकिरी बाटलीत राखून फ्रीजच्या तळाशी ठेवत असे. काही बिनसलं तर मागे वळून पाहता यावं म्हणून मॅडमनीच ती पद्धत घालून दिली होती. आजवर कधी वळून पाहायची वेळ आली नव्हती. तिनं बाटल्या काढून तारखेनं ओळीत मांडल्या, पिपेटची टोकं नवी घेतली, श्वास रोखून एकेक थेंब सोडला. मग प्लेट झाकून ठेवली. कणांना खुर्च्या मिळेपर्यंत थांबणं भाग होतं, आणि आज तिला थांबणंच जमत नव्हतं.

तिनं घरी फोन लावला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. खिडकीतून खाली रस्त्यावर एक माणूस सायकलच्या चाकात हवा भरत होता. तो भरायचा, दाबून बघायचा, पुन्हा भरायचा. तिसऱ्यांदा फोन लागला.

‘विहिरीवर होतो,’ अण्णा म्हणाले. ‘काय गं?’

काही नाही, असं ती म्हणाली. सकाळची गोळी घेतली ना? घेतली, तूच नाही का हातावर ठेवलीस. पाय खाली सोडून बसू नका. नाही बसत. त्यांनी मग स्वतःहून विचारलं की सोमवारच्या पाण्याचं काय झालं, पास ना? ती म्हणाली, तपासतेय.

फोन ठेवल्यावर ती उगाचच फडक्यानं टेबल पुसत राहिली.

या जखमेपायीच ती घरी राहायला आली होती. एरवी प्रयोगशाळेजवळ तिची भाड्याची खोली होती आणि रविवारपुरती ती घरी जाई. आई गेल्यापासून अण्णा एकटे असत आणि एकटं राहणं आपल्याला मानवतं असं सांगत. जखम झाली त्याच सुमारास मॅडमनी तिचं नाव दूरच्या शहरातल्या नव्या, मोठ्या प्रयोगशाळेसाठी सुचवलं होतं. तिथल्या लोकांनी होकारही कळवला होता. महिनाअखेरीपर्यंत रुजू व्हा, नाही तर जागा दुसऱ्याला जाईल. तिनं अण्णांना सगळं सांगितलं होतं. एकदा तिथं गेलं की महिनोन्‌महिने यायला जमणार नाही हेही सांगितलं होतं, आणि तुमचा पाय बरा झाला की मगच जाईन, असंही. अण्णा म्हणाले होते, जा की, कुणी अडवलंय?

यंत्रानं शिट्टी दिली.

यंदाच्या पहिल्या सोमवारचं पाणी लख्ख होतं. दुसऱ्याही. पुढचे कितीतरी सोमवार तसेच होते. मग एका बाटलीपाशी चमक जराशी उतरली, पुढच्या बाटलीला आणखी उतरली, आणि तिथून ती जिना उतरावा तशी थेट या सोमवारपर्यंत खाली आली होती. तिचा हात चुकला नव्हता. दिवाही जुना झाला नव्हता. विहिरीतच काहीतरी उतरत होतं.

मॅडम तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

विहिरीच्या वरच्या अंगाला काय आहे, असं त्यांनी विचारलं. कोंबड्यांची शेड, गोठा, दवाखाना? तिनं सांगितलं की नुसती टेकडी आहे, तिथं साधी झोपडीही नाही. मॅडमनी पेन कानामागून काढलं.

‘घरात कुणी हे औषध घेतं?’

तिनं ओळीतली ती बाटली उचलली, जिच्यापासून जिना सुरू होत होता, आणि तिच्यावरची तारीख वाचली. तारीख तिच्याच अक्षरात होती. त्या आठवड्यात ती अण्णांना पहिल्यांदा सर्जनकडे घेऊन गेली होती.

‘अण्णा घेतात,’ ती म्हणाली.

संडासाची टाकी कुठे आहे, मॅडमनी विचारलं. उताराच्या खालच्या बाजूला, विहिरीपासून चांगली लांब. मग मॅडमनी हातमोज्यांच्या खोक्याच्या पाठीवर गणित मांडलं. विहिरीत पाणी साधारण किती, त्यात औषध किती, एका गोळीत किती. मॅडमचं गणित जुळलं की त्या खाली दोन रेघा मारत. आज त्यांनी रेघा मारल्या नाहीत. माणसाच्या अंगातून गाळून, जमिनीतून झिरपून आलेलं औषध एवढं भरत नाही, असं त्या हळूच म्हणाल्या, हे तर जवळजवळ सगळं... आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

‘घरी जा तू.’

‘नाल्याचा अहवाल आहे उद्या.’

‘नाला कुठे पळून जातोय? त्याचं मी बघते. तू जा.’

बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली तरी ती उठून दारापाशी उभी राहिली. सकाळ-संध्याकाळचं ते दृश्य तिच्या डोळ्यांपुढून हलेना. ती गोळी अण्णांच्या तळहातावर ठेवायची. अण्णा पेला घेऊन लंगडत परसात जायचे. घरातलं भरलेलं पाणी शिळं लागतं, विहिरीतलं ताजं काढून त्याच्यासोबत घेतो, असं ते पहिल्या दिवशी म्हणाले होते, आणि तिनं त्यांचे लाड म्हणून ते चालवून घेतलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांची पाठ दिसायची. कठड्यावरून ओणवे झालेले, मग सरळ होऊन पेला तोंडाला लावणारे अण्णा. तिला संताप आला. इतका आला, की शेजारच्या बाईंनी विचारलं, बरं वाटत नाहीये का? तिनं मनातल्या मनात बोलायची वाक्यं जुळवली. पट्ट्या बदलताना आपण नाक न मुरडता वाकत होतो ते, रात्री त्यांच्या पायाला हात लावून ताप बघत होतो ते, सगळं सगळं ती आज ऐकवणार होती.

अण्णा पायरीवर बसले होते, पाय समोर स्टुलावर ठेवून, तिनं सांगितलं होतं तसा. तिला लवकर आलेली पाहून त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच त्यांनी तो ठीकठाक केला. आज सुटी दिली की काय, असं त्यांनी विचारलं. तिनं पिशवी आत ठेवली, हातपाय धुतले. पट्टी सोडली. जखम कालच्यासारखीच होती, कडेनं लाल, मधोमध ओली. तिनं नवी पट्टी बांधली. वाक्यं तोंडाशी येत होती आणि परत जात होती. ऊन उतरल्यावर तिनं पाकिटातून गोळी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

अण्णा पेला घेऊन उठले. तीही त्यांच्यामागून निघाली.

‘तू कशाला? तू चहा टाक.’

‘टाकते नंतर.’

विहिरीपाशी येऊन दोघं उभे राहिले. अण्णांनी बादली आत सोडली, ओढली, पेला भरला. गोळीची मूठ मिटलेलीच होती. ती त्यांच्या शेजारी, कठड्याला टेकून उभी होती आणि जागची हलत नव्हती.

‘अण्णा, आपलं पाणी नापास झालं.’

त्यांनी मान वळवली.

‘यंत्र बिघडलं असेल.’

‘पुन्हा पुन्हा तपासलं. विहिरीत औषध आहे.’ तिनं त्यांच्या मुठीकडे पाहिलं. ‘हेच.’

अण्णा पाण्याकडे बघत राहिले. पाणी खाली होतं, काळं, स्थिर, नेहमीसारखं. मग ते बोलले ते त्या पाण्याचीच बाजू घेतल्यासारखे.

‘एवढ्या पाण्यात एवढीशी गोळी. म्हणजे दर्यामे खसखस.’

‘खसखस शोधायचाच पगार मिळतो मला.’

अण्णा कठड्यावर बसले. पेल्यातलं थोडं पाणी त्यांच्या धोतरावर सांडलं, ते त्यांना कळलं नाही. आजारी तुम्ही आणि औषध विहिरीला, असं ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. रोज ते पाणी मीही पितेय, तुमची औषधं माझ्या पोटात जातायत, असंही ती म्हणाली. तेवढ्यावर मात्र अण्णा घाबरून उठायला लागले.

‘तुला काही झालं नाही ना?’

‘नाही. तेवढ्यानं काही होत नाही. आणि तेवढ्यानं बरंही होत नाही.’

ते पुन्हा बसले. टेकडीवरून वारा आला आणि दोरीचं टोक कठड्यावर आपटत राहिलं. तिनं ते पकडून धरलं.

‘का पण, अण्णा?’

अण्णांनी मूठ उघडली. गोळी घामानं थोडी विरघळून तळहाताला चिकटली होती.

‘ते लोक महिनाअखेरीपर्यंतच थांबणार आहेत ना?’

‘कोण?’

‘तुझे ते नवे.’

तिनं हातातलं दोरीचं टोक सोडून दिलं.

‘महिना संपला की घेणारच होतो मी,’ अण्णा म्हणाले. ‘थोडे दिवस तर राहिले होते. तेवढा दम धरेल म्हटलं पाय. जुना पाय आहे, लाखो मैल चाललेला.’

बसमध्ये जुळवलेल्या वाक्यांतलं एकही आता कामाचं राहिलं नव्हतं. राग होता तिथंच होता, पण त्याला आता हात-पाय राहिले नव्हते. तिला रडू येत होतं आणि ते त्यांच्यासमोर नको होतं, म्हणून ती वाकून त्यांच्या पट्टीची गाठ बघत राहिली. गाठ घट्टच होती.

‘उद्या डॉक्टरांना हे सांगायचं,’ ती खालूनच म्हणाली. ‘औषध हरलं नाही, लढाईला गेलंच नाही, असं सांगायचं. कदाचित ते थांबतील. आणि तुम्ही सांगायचं, मी नाही.’

‘मी सांगतो.’

अण्णांनी गोळी तोंडात टाकली, पेला वर केला आणि घटाघटा पाणी प्यायले. मग लहान मुलं दाखवतात तशी जीभ बाहेर काढून तिला दाखवली, उजवीकडे, डावीकडे, जिभेखाली. तिनंही वाकून नीट पाहिलं.

‘झालं? आता पाय बरा होणार,’ ते म्हणाले. पेला त्यांनी कठड्यावर पालथा घातला. ‘तू जा आता. बॅग भरायला लाग.’

ती आत गेली. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला, मग पिशवीची चेन. अण्णा पाठ फिरवून बसले आणि टेकडीकडे बघत राहिले. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तपकिरी काचेची रिकामी बाटली होती.

‘विहीर उपसावी लागेल,’ ती म्हणाली. ‘मग झरे नवं पाणी देतील. ते पुन्हा कोरं झालंय की नाही हे दर महिन्याला तपासावं लागेल. तोवर आपण नळाचं पाणी पिऊ.’

‘तपासा की. मॅडम माणूस पाठवतील, मी बाटली भरून ठेवीन.’

‘दुसऱ्याच्या हातून गेलेल्या नमुन्याचा मी भरवसा धरत नाही.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे मी येणार. नमुना न्यायला.’

अण्णांनी हिशेब केल्यासारखे डोळे बारीक केले.

‘तिथून? दर महिन्याला? तूच म्हणालीस, जमणार नाही.’

‘तेव्हा पाणी स्वच्छ होतं.’

अण्णा उठले. त्यांनी दोरी हातात घेतली, बादली सोडली, वर ओढली. बाटली विसळली, पाणी बाजूला ओतलं, पुन्हा विसळली, पुन्हा ओतलं. तिसऱ्यांदा विसळताना त्यांचा हात जरा थांबला.

‘आणि किती महिने लागतील हे पाणी कोरं व्हायला?’

तिनं खिशातून पेन काढून बाटलीला लावायच्या चिठ्ठीवर आजची तारीख घातली आणि बाटली भरून होण्याची वाट बघत उभी राहिली.

‘विहीर मोठी आहे, अण्णा.’